संस्था: घर

११ जून

चि. मास्तरीण,

आईचा आशीर्वाद. मी बरी आहे, तू बरी असावीस.

या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. लहानपणी तू बाहुल्या ओळीने बसवून शाळा घ्यायचीस, म्हणून तुझे बाबा तुला मास्तरीण म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. पण आता ते म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि नाव वाया जायला नको, म्हणून मी म्हणते.

आधीच्या पत्रांना उत्तर नाही. काम असेल. मी आपली लिहिते.

तुझ्या वेळी पुलापलीकडे विटांची भट्टी होती ना, तिथे आता विद्यापीठ झालंय. मोठं सभागृह आहे. तिथे संध्याकाळी व्याख्यानं असतात आणि ती सगळ्यांसाठी खुली असतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. मंडईतून येताना फाटकावर फलक वाचला, ‘आगामी जाहीर व्याख्याने, प्रवेश विनामूल्य’. पहारेकऱ्याला विचारलं, "माझ्यासारखीला सोडतात का?" तो म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखीलाच सोडतात. बाकी कोण येतंय?"

शिंपल्यांवर व्याख्यान होतं. निम्मं कळलं. शिंपल्यातला जीव आपलं घर स्वतःच्या अंगातून काढतो, एवढं लक्षात राहिलं. मध्ये चहा दिला, त्याच्याबरोबर बिस्किटं. वहीत खर्चाच्या जागी रेघ मारली आणि बाजूला ‘शिंपले’ असं लिहिलं.

हे पत्र त्यांच्याच पत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे. मागची बाजू कोरी होती, कागद चांगला जाड. टाकून द्यायला जिवावर आलं. पलीकडे छापलंय ते वाचायची गरज नाही, ते त्यांचं आहे.

तुझी आई


३ ऑगस्ट

चि. मास्तरीण,

आशीर्वाद. मी बरी आहे.

आता मला तिथे ओळखतात. कार्यालयात एक चष्मेवाली मुलगी आहे, ती मला काकू म्हणते आणि नवीन पत्रक आलं की माझ्यासाठी दोन ठेवते. तिला वाटतं एक मी शेजारणीला देते. शेजारणीने घर विकलं हे तिला सांगितलं नाही, दोनाचं एक व्हायचं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात. फार बोलतात. व्याख्यान संपलं की प्रश्न विचारायला उभे राहतात आणि दुसरं व्याख्यान देतात. परवा अध्यक्ष म्हणाले, "आपला प्रश्न काय आहे?" तर म्हणाले, "त्याच्याकडेच येतोय." सगळं सभागृह हसलं. खाली बसल्यावर मला म्हणाले, "वहिनी, घरी कुणी ऐकत नाही हो. इथे निदान उठून जात नाहीत." मी म्हटलं, "दारं लांब आहेत म्हणून." त्यावर तेही हसले.

खुर्च्या जवळजवळ आहेत, त्यामुळे शेजारच्याची बाही आपल्या बाहीला लागते. आधी मी अंग चोरून बसायची. आता नाही बसत.

परवाचं व्याख्यान जुन्या शहरांतल्या गटारांवर होतं. हसू नकोस. पाण्याला उतार कसा देत असत, ते चित्रं काढून दाखवलं. आपल्या मोरीचा उतार उलटा आहे, बाबांनी स्वतः केला होता. स्वयंपाकघराचं दारही त्यांनीच उलटं बसवलं, आत उघडायचं ते बाहेर उघडतं आणि अजून येणाऱ्याच्या कपाळाला लागतं. मनात आलं की हात वर करून विचारावं, उलटा उतार न फोडता सुलटा करता येतो का. पण एवढ्या शिकलेल्या लोकांत मोरीचं काय विचारायचं. हात मांडीवरच राहिला.

तू गेल्या खेपेला म्हणालीस, "तुला इथे आहेच काय?" मी म्हटलं, "देव आहेत." तू म्हणालीस, "मग त्यांच्याशीच बोल." त्याला दोन वर्षं होतील. तर बोलते रोज सकाळी दिवा लावून. ते सगळं ऐकून घेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडून इकडचं तिकडचं काही कळत नाही.

तू माझ्यासाठी मुद्दाम जास्तीची खोली असलेलं घर घेतलं होतंस, ते मी विसरलेले नाही. बाबांना जाऊन महिना झाला होता. माझं मनच होईना. एवढंच.

तुझी आई


२१ ऑक्टोबर

चि. मास्तरीण,

आशीर्वाद. मी बरी आहे. मध्ये थोडा ताप होता, आता नाही.

तापामुळे एक व्याख्यान चुकलं, वाळूवर होतं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजला की मला आधी वाटलं, पलीकडच्यांचा वाजतोय. मग धावले. त्या फोनवर कोण असेल असं मला वाटलं, ते लिहीत नाही. चष्मेवाली होती. म्हणाली, "काकू, काल तुमची खुर्ची रिकामी होती. पोस्टमास्तरांनी कुणाला बसू दिलं नाही. बऱ्या आहात ना?"

मी म्हटलं, "पाहुणे आले होते."

का असं म्हटलं कोण जाणे. देवासमोर बसल्यावर लाज वाटली. मग मनात म्हटलं, ताप हाही पाहुणाच की.

पुढचं पत्रक सोबत आहे. म्हणजे याच कागदाच्या पाठीला आहे. डिसेंबरात गांडुळांवर आहे, ते मी चुकवणार नाही.

तुझी आई


९ जानेवारी

चि. मास्तरीण,

या वेळी साधा कागद घेतला आहे. पत्रकावर लिहवलं नाही.

आज चष्मेवालीने नेहमीसारखी दोन पत्रकं दिली. मी तिथेच पायरीवर बसून वाचायला घेतली. फेब्रुवारीत दोन दिवसांची परिषद आहे, ‘एकटी माणसं आणि त्यांची घरं’. बाहेरगावचे पुष्कळ विद्वान येणार. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुख्य व्याख्यान. खाली तुझं नाव होतं, मध्ये बाबांचं नाव घालून, आणि तुझा फोटो. केस कापलेस तू. बरे दिसतात.

पहारेकरी विचारत होता, "मावशी, काय झालं? पाणी आणू?" मी म्हटलं, "चष्म्याला वाफ आली."

वाट चालत घरी आले. पूल कधी ओलांडला ते आठवत नाही.

तू इथे येणार आणि मला कळवलं नाहीस. अजून महिना आहे, कळवशील. किंवा कळवणार नाहीस. तुझं काम आहे, चार माणसांत तुझं नाव आहे. आई समोर बसली तर बोलताना घसा सुकेल, असं तुला वाटत असेल. लहानपणी स्पर्धेत भाषण करताना तू मला दाराबाहेर उभं करायचीस, आठवतं? मी आत आले की तू विसरायचीस.

मी घरी आल्यावर देवाला विचारलं, जाऊ का. तो तुझ्यासारखाच आहे, उत्तर देत नाही.

एक पत्रक देवापाशी ठेवलं आहे. दुसरंही तिथेच, त्याच्या खाली.

तुझी आई


१२ फेब्रुवारी

चि. मास्तरीण,

आशीर्वाद. पत्र आलं नाही. टपालाला वेळ लागतो, असं पोस्टमास्तर स्वतःच सांगतात.

मुख्य व्याख्यान सगळ्यांना खुलं नाही, असं कळलं. परिषदेसाठी नाव नोंदवावं लागतं, मग गळ्यात अडकवायला कार्ड देतात. ज्येष्ठांना फुकट आहे. कार्यालयात गेले. चष्मेवालीने यंत्रावर माझं नाव घातलं आणि थांबली.

"काकू, आडनाव एकच की. आपल्या मुख्य पाहुण्यांचं."

मी म्हटलं, "असतात अशी पुष्कळ."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण पुढे विचारलं, "संस्था काय लिहू?"

"कसली संस्था?"

"म्हणजे तुम्ही कुठल्या. विद्यापीठ, महाविद्यालय, एखादं मंडळ. हे भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही."

"अगं, मी मॅट्रिक झाले आणि लग्न झालं. मी आपली घरी असते."

"मग घर लिहू?"

"लिही."

कार्डावर माझं नाव आणि खाली ‘संस्था: घर’ असं आलं. पोस्टमास्तरांनी पाहिलं तर म्हणाले, "वाहवा वहिनी, तुमच्या संस्थेत जागा आहे का एखादी?" मी म्हटलं, "जागा पुष्कळ आहे, माणसं नाहीत." मला वाटलं ते हसतील. पण ते हसले नाहीत, खुर्ची सरकवून बसले.

नाव नोंदवलं म्हणजे गेलंच पाहिजे असं नाही. मी मागे, दाराजवळ बसेन. तुझी नजर जाणार नाही. नाहीतर येणारही नाही. आलेच तर चालेल ना तुला? हे पत्र पोचेल तेव्हा तू बहुधा निघालेली असशील. म्हणजे मी भिंतीला विचारते आहे.

तुझी आई


१८ फेब्रुवारी, रात्र

चि. मास्तरीण,

आत्ताच घरी आले. पातळ बदललं नाही अजून. कार्ड गळ्यातच आहे.

तू व्यासपीठावर आलीस तेव्हा मी मान खाली घातली होती. आधी तुझा आवाज ऐकला. बाबांचा आवाज आहे तुझा, बोलताना मध्येच थांबून पाणी पिण्याची खोडसुद्धा त्यांचीच.

मला सगळं कळलं, हे तुला सांगायचं आहे. शिंपले निम्मे कळले, गांडुळं तेवढीही नाहीत, पण तू बोललीस त्यातला शब्द न् शब्द कळला. एकट्या माणसाचं घर बाहेरून तेवढंच राहतं पण आतून लहान होत जातं, असं तू म्हणालीस. आधी माळा जातो, मग एक खोली, मग दुसरी, आणि शेवटी एक खुर्ची आणि तिच्यापासून चुलीपर्यंतची वाट उरते. तू पडद्यावर घरांचे नकाशे दाखवत होतीस. वापरात नाही तो भाग काळा केलेला. कुठल्या कुठल्या गावातल्या लोकांची घरं. लोक लिहून घेत होते. पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "हे तर माझं घर आहे." प्रत्येक नकाशाला तेच म्हणत होते.

मग शेवटून दुसरा नकाशा आला. तू म्हणालीस, "हे घर मी आठवणीतून काढलं आहे. इथे एक बाई राहतात." नाव घेतलं नाहीस. मी बघितलं तर स्वयंपाकघराचं दार बाहेर उघडत होतं.

असं दार जगात एकच आहे.

मागची खोली, तुझी, काळी होती. पूर्ण काळी, खिडकीसकट.

तू पुढे गेलीस, टाळ्या झाल्या, प्रश्नोत्तरं सुरू झाली. पोस्टमास्तर उठले, बोलले, बसले. अध्यक्ष म्हणाले, शेवटचा प्रश्न. आणि माझा हात वर गेला. मी केला नाही, गेला. एका मुलीने माइक आणून हातात दिला, तो थंड होता. मी म्हटलं, "शेवटून दुसरं घर. त्यातली मागची खोली काळी केली आहे. ती बंद नसते."

माझा आवाज सगळीकडून आला. मी घाबरले.

अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी विचारलं, "छान. आपण कुठल्या संस्थेच्या?"

मला दुसरं काही सुचलं नाही. कार्ड धरलं आणि वाचलं, "घर."

लोक हसले, चांगलं हसले. तू हसली नाहीस. तू दिव्यांच्या उजेडातून डोळ्यांवर हात धरून बघत होतीस. मग म्हणालीस, "त्या खोलीत कोण असतं?"

मी म्हटलं, "दुपारी एकजण बसतं. पत्रं लिहायला."

तू पाणी प्यालीस. मग अध्यक्षांना म्हणालीस, "माझी माहिती दोन वर्षांपूर्वीची आहे. ही दुरुस्ती मी करते." त्यांनी आभार मानले आणि सगळे उठले. तुझ्याभोवती गर्दी झाली, तुला जेवायला घेऊन निघाले. मी दाराजवळच होते, ठरल्याप्रमाणे. तू दोनदा वळून पाहिलंस, पण माझ्यासमोर उंच माणसं होती. मग मी निघाले. तुला लोकांतून ओढून काढायला मी कोण.

वाटेत पोस्टमास्तर पुलापर्यंत सोबत आले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच असेल.

सभागृहात मी निम्मंच सांगितलं. उरलेलं इथे लिहिते. तुझं म्हणणं बरोबरच आहे, घर लहान झालं आहे. फक्त खोली चुकली. बंद आहे ती पुढची, बाबांची. कुलूप घातलं आहे मी. त्यांची आरामखुर्ची दारातूनच समोर दिसते, ती दिसायला नको म्हणून. स्वयंपाकघर, देव आणि तुझी खोली, एवढ्यात माझं चालतं. पाहुणा असा कुणी येत नाही, त्यामुळे पुढच्या खोलीवाचून अडत नाही.

उद्या परिषदेचा दुसरा दिवस. मी जाणार नाही. काय बोलायचं ते बोलून झालं.

आई


१९ फेब्रुवारी, दुपार

चि. मास्तरीण,

तुझा डोळा लागला आहे, म्हणून हे लिहिते. या वेळी देवापाशी ठेवलेलं पत्रक घेतलं, पाठीला तुझाच फोटो आहे.

उठल्यावर तू म्हणशील, समोर आहे तर लिहितेस कशाला. सवय झाली गं. आणि समोर आहेस तेव्हा माझ्याच्याने धड बोलवत नाही, ते तू सकाळपासून बघते आहेसच.

दार वाजलं तेव्हा मला दूधवाला वाटला. मी ओरडले, "भांडं बाहेरच आहे." तू म्हणालीस, "कुठलं भांडं?" एवढ्यावरच मी कडी काढायची विसरले. तुला पुन्हा वाजवावं लागलं.

आत आलीस ती सरळ स्वयंपाकघरात, आणि दार कपाळाला लागलं.

"अजून उलटंच आहे."

"सुताराला बोलवायचं राहिलं."

"नको बोलवूस."

मी विचारलं, चहा ठेवू का. तू म्हणालीस, हो. मी विचारलं, साखर. तू म्हणालीस, "आई, साखर विसरलीस?" मी विसरले नव्हते. बदलली असेल असं वाटलं, केसांसारखी.

चहा घेताना तू खुंटीवरचं कार्ड पाहिलंस, हातात घेऊन वाचलंस आणि मग हसलीस. मला म्हणालीस, "काल मला हे हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "इथे येणार ते कळवलं का नाहीस?"

"कळवलं की. पत्रकात छापून."

"म्हणजे?"

"तुझ्या पत्रांच्या पाठी मी आधी वाचते. आतल्या बाजूला तू झालेलं तेवढं लिहितेस, आणि ‘मी बरी आहे’. पुढे तू कुठे जाणार, काय ऐकणार, कुठल्या दिवशी घराबाहेर असणार, ते सगळं पाठीला असतं. गटारांचं पत्र आलं तेव्हा मीच इथल्या विद्यापीठाला लिहिलं, मला बोलवता का म्हणून."

मी म्हटलं, "मग दोन ओळी मला लिहायच्या."

तू कपाकडे बघत म्हणालीस, "देवाशीच बोल म्हणाले होते मी. त्यानंतर कुठल्या तोंडाने लिहायचं? म्हटलं, पत्रक तर तुला पोचणारच. तू आलीस तर आलीस."

मी एवढंच म्हटलं, "दोन पत्रकं मिळतात मला."

तुला कळलं नाही ते. जाऊ दे. एक माझं असायचं आणि दुसरं तुझं.

नंतर तू घरभर फिरलीस. कुलपापाशी थांबलीस. मीच म्हटलं, "खोली चुकली होती तुझी." तू कुलपाला हात लावलास आणि काढून घेतलास. मग मागच्या खोलीत गेलीस, खिडकीपाशी माझं पेन आणि शाईची दौत बघितलीस, आणि म्हणालीस, "जरा आडवी होते. रात्रभर झोप नाही. गाडी पाच वाजता येईल." पाठ टेकली आणि झोपलीस, पायांत मोजे तसेच. मी काढले नाहीत, जाग येईल म्हणून पांघरूण तेवढं घातलं.

माझ्या घरी ये, असं तू या खेपेला म्हणाली नाहीस. मीही राहा म्हटलं नाही. दोघींनी जपूनच पावलं टाकली. तू जाशील आणि उद्या सकाळी मी पुन्हा एकटी दिवा लावीन, यात काही फरक पडणार नाही, हे मला कळतं. जूनपर्यंत व्याख्यानंही नाहीत, परीक्षा आहेत त्यांच्या.

पण एक अडचण झाली. दुपारची लिहायची माझी जागा तुझ्या खोलीत, आणि तिथे तू झोपलेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला असता. बसायचं कुठे? किल्ली देवामागे होती. कुलूप गंजलेलं, तेल घालावं लागलं. आत धूळ आहे, खिडकी उघडली तेव्हा शिंका आल्या, त्या पदरात दाबल्या. आरामखुर्ची अजून चांगली आहे. तीत बसून लिहिते आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या पिशवीत ठेवते. टपालाचं तिकीट वाचलं. तिकडे पोचलीस की वाच, गाडीत वाचू नकोस, तुला गाडीत वाचलं की मळमळतं.

आणि नकाशा दुरुस्त करशील तेव्हा पुढची खोली काळी करायची घाई करू नकोस.

तुझी आई